चार पट्ट्यांची चटई

"हे माणसाचं नाही," केळुसकर सर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

कागदावर एक आकडा होता. ज्या प्रथिनाचे स्फटिक मी सात महिने खपून वाढवले होते, त्यातला एक विरघळवून आम्ही वजनाला पाठवला होता, आणि हे त्याचं वजन. माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा ते जरासंच कमी होतं. बाजारात एवढ्या फरकावरून कुणी भांडत नाही. आमच्या धंद्यात तेवढ्या फरकात माणूस बदलतो.

"मग कुणाचं आहे, सर?"

"ज्याच्या पोटात वाढवलंत त्याचं."

हे जरा सांगायला हवं. माणसाचं प्रथिन आम्ही माणसाकडून घेत नाही. त्याच्या जनुकाचा तुकडा एका जीवाणूत घालतो, आणि तो बिचारा आपलंच काम समजून ते प्रथिन घाऊक प्रमाणात बनवत बसतो. मग त्याला फोडायचं आणि त्याच्या हजारो प्रथिनांतून आपलं एक वेगळं काढायचं. त्यासाठी आपल्या प्रथिनाला एक शेपटी जोडलेली असते. ती निकेलच्या मण्यांना चिकटते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. पण जीवाणूचं स्वतःचं एक प्रथिन असं आहे की ते शेपटीवाचूनच निकेलला चिकटतं. आकारानं आमच्याएवढंच. कामही तेच, आरएनएचा दोरा धरून ठेवण्याचं. या धंद्यात सगळे त्या चोराला नावानिशी ओळखतात, आणि तरीही अधूनमधून कुणाच्या तरी घरी तो पाहुणा म्हणून जेवून जातो. या खेपेला माझ्या घरी सात महिने जेवला होता.

"नमुना गरम करायची युक्ती कुणाची?" सरांनी विचारलं.

"माझी."

"हं."

ती युक्ती मी मोठ्या तोऱ्यात काढली होती. पासष्ट अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की जीवाणूचा कचरा नासक्या दुधासारखा फुटून तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, असं माझं म्हणणं. नितळ पाणी मी गंगाजळासारखं जपून ठेवायचे आणि तळाचा पांढरा साका बेसिनमध्ये ओतून नळ सोडायचे. प्रयोगशाळेत त्याला 'संयोगिताची पद्धत' म्हणत. मला ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोलू?

"मग आपलं कुठे गेलं, सर?"

सर चष्मा पुसत राहिले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"शोधा," ते म्हणाले. "आणि गडहिंग्लजला काही कळवलं नाहीत ना? पक्कं झाल्याशिवाय कळवायचं नाही, नियम आहे आपला."

मी वहीची पानं उलटत राहिले. ज्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सहा कोनांच्या चकत्या खडीसाखरेसारख्या चमकताना दिसल्या, त्याच संध्याकाळी मी बूथवर जाऊन गडहिंग्लजला फोन लावला होता. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. "मिळालं," म्हणाले होते मी. एवढा एकच शब्द, पण तो मी दोनदा म्हणाले होते.

"फोन करून सांगा मग," सर म्हणाले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं होतं.

"फोनवर खोटं सांगितलं. खरं जाऊन सांगते."

गडहिंग्लजला शिंत्रे मास्तर होते. विलास शिंत्रे, शाळेत चित्रकलेचे शिक्षक, वय अडतीस. त्यांच्या घरात चाळिशीच्या आसपास पुरुषांच्या हातांतली ताकद जाई, मग पायांतली, मग जिभेतली, मग श्वासातली. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. गावात त्याला 'वारं' म्हणत. मास्तरांचे वडील त्यात गेले, चुलते गेले. एका मेंदुविकारतज्ज्ञांनी त्या घराचं रक्त आमच्याकडे पाठवलं, आणि त्यात एका प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. त्या प्रथिनाचं काम आरएनए धरण्याचं. पेशीतला हुकूम जनुकातून निघतो तो आरएनएच्या दोऱ्यावर उतरून. तो दोरा कुठे कापायचा, कुठे पोचवायचा, किती वेळ टिकवायचा हे त्याला हातात धरून बसलेली प्रथिनं ठरवतात. त्यातलं हे एक.

वंशावळ लिहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मास्तरांचा उजवा हात गेलेला होता आणि बोलणं जड झालं होतं. बसता बसता त्यांनी विचारलं, "ते दिसतं कसं? ज्यानं मला धरलंय ते?"

मी त्यांच्याच चित्रकलेच्या वहीत काढून दाखवलं. निरोगी माणसात त्याचा आरएनए धरायचा भाग कसा असतो ते आम्हाला ठाऊक होतं. चार पट्ट्या शेजारीशेजारी, म्हणजे चटई. तिच्या पाठीमागे दोन गुंडाळ्या, म्हणजे लोड. दोरा येऊन चटईवर टेकतो. "तुमच्या घरात तिसऱ्या पट्टीतला एक धागा बदललाय," मी म्हणाले. "त्यानं चटईचं नेमकं काय होतं, ते आम्हाला बघायचंय."

"लोड चुकलाय तुमचा," मास्तर म्हणाले. "मागं आहे तर लहान दिसायला पाहिजे." आणि डाव्या हातात पेन्सिल घेऊन, अर्धा तास खपून, त्यांनी ती चटई स्वतः काढली. पट्ट्यांची वीण, लोडांची सावली, सगळं. त्यांच्या हातचं ते शेवटचं चित्र. तिथल्या माझ्या दोन दिवसांत त्यांचं बोलणं मला निम्म्याहून जास्त कळायला लागलं होतं. घरात ते पुरतं कळे ते फक्त त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना.

त्यांचा धाकटा भाऊ धनाजी तेव्हा एकतीस वर्षांचा, दूध संघात नोकरीला. त्यानं रक्त दिलं होतं, पण निकाल ऐकायचा नाही असं डॉक्टरांना बजावलं होतं. "औषध निघालं की सांगा. त्याच्या आधी कळून काय करू?" लग्नही करणार नाही म्हणायचा. छापा की काटा ते मलाही माहीत नव्हतं.

तर येते म्हणून कळवून मी निघाले. पिशवीत एक रंगीत कागद होता. चोराचा चेहरा जगाला आधीच ठाऊक होता, त्याची आकृती सरांच्या छपाईयंत्रावर काढून घेतली होती. काय चुकलं ते मास्तरांना समजावताना दाखवावी म्हणून. शाळेत कंपासपेटी मिळाली की प्रत्येक मूल पहिल्या दिवशी जे सहा पाकळ्यांचं फूल काढतं, ते जाडजूड करून मधे भोक पाडलं की ती आकृती झाली. दिसायला फार देखणी.

अकराच्या सुमाराला मी दारात पोचले तर बाहेर आठ-दहा जोडे चपला. मला वाटलं, मास्तर गेले. तेवढ्यात धनाजी बाहेर आला, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकू.

"आलासा, मॅडम? तुमचीच वाट बघत थांबलाय सगळी. तुम्ही येणार म्हणून आजचाच दिवस धरला."

"कसला दिवस?"

"सुपारी फोडायची," तो म्हणाला आणि लाजला.

आत जाजम अंथरलं होतं, भिंतीला लोड लावले होते आणि मुलीकडची पाच माणसं बसली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत मास्तर. खाली घसरू नयेत म्हणून छातीवरून पंचा घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधलेला. दीड वर्षात माणसाचं निम्मं उरलं होतं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला ती चटई, चौकटीत घालून लावलेली. शेजारी कमलवहिनी हातरुमाल घेऊन उभ्या. मला बघून मास्तरांच्या डोळ्यांत आनंद दिसला, आणि मी खाली बघितलं.

मी विचार केला, आधी चहा होईल, मग धनाजीला बाजूला घेईन. पण मुलीचे मामा समोरच बसले होते. पटका, पांढऱ्या मिशा, सरळ माणूस.

"मॅडम, आमी अडाणी," ते म्हणाले. "तुमचं शास्त्र आमास्नी कळायचं न्हाई. पोरगी आमची बिनबापाची हाय, म्हणून इचारतो. ह्या घरात वारं हाय, आमास्नी ठाव हाय. पाव्हण्यांनी लपवलं न्हाई. पर त्येचं मूळ तुमाला पुण्यात घावलं म्हणत्यात. खरं हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"मामा, त्याचं असं आहे..." मी म्हणाले आणि कागद काढायला पिशवी उघडली.

"फोटो आणलाय का?" धनाजीनं पुढे होऊन तो माझ्या हातातून घेतलासुद्धा. दोन्ही हातांनी वर धरला. जाजमावरची माणसं माना उंचावून बघायला लागली.

"फूलच की वं हे," कुणीतरी म्हणालं.

"एवढ्याशा फुलानं घरं बुडवली म्हणायची," दुसरा म्हणाला.

कागद हातोहात फिरला. माझं वाक्य 'असं आहे'पाशी अडकून पडलं होतं आणि ते पुरं करायला कुणी सांगत नव्हतं. शेवटी धनाजीनं कागद मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. चित्रकलेच्या माणसाचं बघणं ते, कडेकडेनं फिरणारं. मग त्यांनी डोळे वर, भिंतीकडे नेले. पुन्हा कागदाकडे आणले. पुन्हा भिंतीकडे. आणि घशातून, एकेक अक्षर ओढत, बोलले.

मला स्वच्छ कळलं. ते म्हणाले, "चटई कुठाय? हे माझं नव्हे."

सगळ्यांनी कमलवहिनींकडे बघितलं. नेहमीची रीतच होती ती.

"हेच ते, म्हणत्यात," कमलवहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं हेच हुडकत होतो, म्हणत्यात."

मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. वहिनींनी हातरुमाल पुढे करून त्यांचं तोंड पुसलं. पुसून झालं तरी रुमाल तिथेच राहिला, लागत होता त्याहून थोडा जास्त वेळ.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. या गोष्टीत जे काही माझ्या हातात होतं ते त्या क्षणी होतं. उभं राहून म्हणायचं होतं, की वहिनी चुकीचं सांगतायत, हे फूल जीवाणूचं आहे, तुमचं मूळ आम्हाला सापडलेलं नाही, आणि सापडलं असतं तरी औषधाचा पत्ता नव्हता. तीन वाक्यं. मी म्हणाले, "अजून बरंच काम बाकी आहे."

"काम ऱ्हाणारच की," मामा मोकळे होऊन म्हणाले. "मूळ घावल्यावर फांद्या तोडाय किती येळ?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायचं निमित्त. मागोमाग कमलवहिनी आल्या. चुलीवर भाताचं पातेलं होतं, त्यांनी झाकण काढून उगाच ढवळलं.

"तुम्हाला कळलं की ते काय म्हणाले," त्या म्हणाल्या.

"कळलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुम्ही का बदललंत?"

त्यांनी झाकण परत ठेवलं. पदर कमरेला खोचलेला होता. त्याच्या आत जाड पट्टा होता, दुखऱ्या कंबरेला बांधतात तसला.

"दिवसातनं बारा-पंधरा वेळा उचलतो मी ह्यांना," त्या म्हणाल्या. "न्हाणीत, अंथरुणावर, खुर्चीत. सासऱ्यांना सासूबाईंनी उचललं, त्यातच त्या गेल्या. चुलत सासऱ्यांचं लग्न न्हवतं. ते दाराआड पडले आणि तिसऱ्या दिवशी कळलं. आता हे आणखी एखादं वरीस. मग पाच-सात वर्षांनी धनाजी. त्याला कोण उचलणार, मॅडम? मीच. तवा मी पंचेचाळिशीची असणार. माझ्यानं दुसऱ्यांदा व्हायचं न्हाई."

"त्याला कदाचित नसेलही. निम्मी शक्यता आहे."

"नसलं तर चांगलंच की. संसार करंल. असलं तर त्याची बायको उचलंल."

"आणि ती मुलगी? तिला कोण सांगणार?"

कमलवहिनी माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं.

"मला कोण सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या.

बाहेर बत्त्याचा एक ठोका पडला आणि पाठोपाठ माणसांचा गलका उठला. सुपारी फुटली होती.

जेवणं अंगणात झाली. सगळे हात धुवायला गेले तेवढ्यात मी मास्तरांपाशी जाऊन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवणं भाग होतं.

"मास्तर, ते तुमचं नाही. माझी चूक झाली. मी जीवाणूचं प्रथिन तुमचं समजून बसले होते."

त्यांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे, हो, बघितलं मी. मग ते बोलले. तीन शब्दांना त्यांना मिनिटभर लागलं असेल. घामानं कपाळ भिजलं.

"धनाला... तुम्ही... सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

माझी बस साडेतीनची होती. धनाजी मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आला. बसला वीस मिनिटं अवकाश होता. त्यानं माझ्यासाठी उसाचा रस आणला आणि स्वतः न घेता समोर उभा राहिला.

"तुमच्यामुळं झालं हे, मॅडम," तो म्हणाला. "न्हाईतर मी ठरवलंच होतं. एकटं ऱ्हायचं आणि लागली चाहूल की हिरण्यकेशीत उडी टाकायची. आता म्हटलं, पुण्याची माणसं मागं लागलीत, त्यांनी घावलं म्हटलंय. मग आपणच कशाला घाबरायचं?"

मी तोंड उघडलं होतं. अजून आठवतं, रसाचा ग्लास हातात होता, त्यावर माशी बसली होती, आणि मी तोंड उघडून म्हणाले, "अभिनंदन."

त्यानं हात जोडले. बस आली. बसमध्ये मी स्वतःला समजावत राहिले की पत्रानं कळवीन, की सांगायचं काम डॉक्टरांचं आहे, की नियम आहे आमचा. ज्या नियमाला मी फोनच्या बूथवर लाथ मारली होती, तोच आता पांघरून बसले.

पत्र मी लिहिलं नाही. लग्नपत्रिका मात्र आली. वरच्या कोपऱ्यात, गणपतीच्या बाजूला, सहा पाकळ्यांचं फूल छापलेलं होतं.

त्याच आठवड्यात सरांनी सांगितलेलं काम मी केलं. पुन्हा जीवाणू वाढवले, फोडले, मण्यांवरून नेले, पासष्ट अंशांवर दहा मिनिटं ठेवले. वर नितळ पाणी, खाली पांढरा साका. या वेळी पाणी ओतून दिलं आणि साका ठेवला. तो वजनाला पाठवला. आकडा आला तो माझ्या वहीतल्या आकड्याशी अगदी अखेरच्या घरापर्यंत जुळला.

सगळं तिथे होतं. मास्तरांच्या घरातली चटई उबेनं उलगडून जात होती, एकीला दुसरी चिकटत होती आणि ढीग होऊन तळाशी बसत होती. मास्तरांच्या मज्जारज्जूतही तेच चाललेलं असणार, सावकाश, शरीराच्या उबेत. मला जे बघायचं होतं ते दर खेपेला नळीच्या तळाशी समोर येत होतं, आणि मी ते सात महिने बेसिनमध्ये ओतत होते. मी सरांना आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता हे लिहा." प्रबंधात त्याचं एक प्रकरण झालं. ढिगाचा स्फटिक होत नाही, त्यामुळे आकृती कधीच मिळाली नाही. औषध तर त्याच्याही पुढची गोष्ट. मास्तर दिवाळीच्या आधी गेले. मला डिसेंबरात पदवी मिळाली.

संशोधन मी सोडलं. आता कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ठीक शिकवते.

तेरा वर्षांनी, मागच्या मार्चमध्ये, तास संपल्यावर शिपाई सांगत आला की कुणी बाई भेटायला आल्यात. पस्तिशीची बाई, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर न झोपलेल्या माणसाची सूज.

"मी राजश्री शिंत्रे. गडहिंग्लजची," ती म्हणाली. "धनाजींची मंडळी."

हिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मुलगी आलीच नव्हती, तिची माणसं आली होती. मी तिला रिकाम्या वर्गात नेऊन बाकावर बसवलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"धनाजी कसे आहेत?"

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "हात गेले, पाय गेले. गेल्या दिवाळीपासनं बोलणंबी तसंच झालंय. दुसऱ्याला कळत न्हाई, मला कळतंय. सवय झाली." मग म्हणाली, "पोरगी आमची बारा वर्षांची हाय."

मी तिच्यासमोरच्या बाकावर बसले.

"एक इचारायला आलो, मॅडम. जाऊबाई सांगत न्हाईत. तुम्ही त्या दिवशी होता म्हणून पत्ता काढत तुमच्याकडं आलो."

तिनं पिशवीतून चौकट काढली. पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलीनं काढलेली चटई, चार पट्ट्या, मागे दोन लोड. वीण अजून तशीच दिसत होती.

"मी लग्न होऊन आलो तवा मोठे दाजी पाच महिने होते," ती म्हणाली. "मी खोलीत गेलो की माझ्याकडं बघून काय तरी म्हणायचे. रोज. एकच. मला कळायचं न्हाई. मी जाऊबाईंना इचारायची, काय म्हणत्यात? त्या म्हणायच्या, पाणी मागत्यात. मी पाणी पाजायची. ते डोळ्यांतनं पाणी काढायचे, तोंड मिटून घ्यायचे. मी म्हणायची, मागत्यात आणि पीत का न्हाईत? तरी पाजायची. पाच महिने पाजलं."

तिनं चौकटीवरची धूळ तळहातानं पुसली.

"आता ह्यांचं बोलणं कळायला लागलं, तवा दाजींचंबी कळलं. परवा पोरीची वेणी घालताना एकदम कानात आलं. ते पाणी न्हवते मागत. चटई म्हणत होते. चटई बघ, चटई बघ, म्हणत होते." तिनं मान वर केली. "ह्या चटईत काय हाय, मॅडम?"

मी सांगितलं. सगळं, पहिल्या फोनपासून उसाच्या रसापर्यंत. तेरा वर्षांपूर्वी तीन वाक्यांत झालं असतं त्याला पाऊण तास लागला. मला वाटत होतं, तिनं शिव्या द्याव्यात, चौकट डोक्यात घालावी. तिनं ती पिशवीत नीट घातली, काच खालच्या बाजूला येऊ नये अशी, आणि उठली.

"थांबा," मी म्हणाले. "जेवून जा. मला..."

"न्हाई. साडेतीनची गाडी हाय," राजश्री म्हणाली. "सहाच्या आत ह्यांना कुशीवर वळवाय लागतंय. जाऊबाई हायत जवळ, पर त्यांची कंबर गेलीय. आम्हां दोघींना मिळूनच उचलाय लागतंय."